फुटकी बादली

सोलापूर हे गिरण्यांचे आणि मागांचे शहर. जुन्या गिरण्यांचे भोंगे केव्हाच थांबले. पूर्व भागातील अरुंद गल्ल्यांतून यंत्रमागांची खडखड मात्र अजून ऐकू येते. अशा गल्लीत मुलांना फुटबॉल खेळावयाचा झाला, तर दोन विटा ठेवून गोल करावा लागतो, आणि समोरून सायकल आली की खेळ थांबवावा लागतो. चेंडू वर्गणी काढून आणता येतो. मैदान वर्गणीने येत नाही.

फुटबॉल हा गरिबांचा खेळ, असे म्हणण्याची रीत आहे. ते अर्धेच खरे. साहित्य थोडे लागते, यात शंका नाही. सुमारे ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा एक चेंडू असला की खेळ सुरू होतो. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये फ्रान्सशी खेळताना भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी होते, आणि तो सामना त्यांनी २–१ असा थोडक्यात गमावला. परंतु मोठ्यांच्या सामन्यासाठी मैदान किमान ९० मीटर लांब व ४५ मीटर रुंद हवे. शहरात एवढी मोकळी जागा बहुधा कोणाच्या तरी कुंपणाआड असते. मग प्रशिक्षकाची फी, बूट, परगावच्या सामन्यांचा प्रवास, असा एकेक खर्च पुढे येतो. आणि दिवसाच्या मजुरीवर चालणाऱ्या घरातील मुलगा, पायांत कितीही चपळाई असली तरी, कुंपणाबाहेर उभा राहून खेळ पाहतो.

या कुंपणाची कथा सोलापूर जिल्ह्यातल्याच एका कलावंताने पडद्यावर आणली. करमाळा तालुक्यातील जेऊर गावचे नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा हिंदी चित्रपट २०२२ साली प्रदर्शित झाला. त्याचे मूळ नागपुरात घडलेल्या एका खऱ्या हकिकतीत आहे.

विजय बारसे हे नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक होते. २००१ सालच्या पावसाळ्यात एके दिवशी पाऊस चुकविण्यासाठी ते झाडाखाली थांबले असता, झोपडपट्टीतील काही मुले चिखलात एक फुटकी बादली लाथांनी ढकलीत खेळत असलेली त्यांना दिसली. मुलांचा खेळ रंगला होता. नव्हता तो केवळ चेंडू. बारसे यांनी त्यांना फुटबॉल दिला. खेळत असतात तेवढा वेळ ही मुले व्यसनांपासून आणि मारामाऱ्यांपासून दूर राहतात, हेही त्यांच्या ध्यानी आले.

पुढल्याच वर्षी त्यांनी वस्त्यावस्त्यांतील मुलांसाठी स्पर्धा भरविली आणि तिला ‘झोपडपट्टी फुटबॉल’ असे नाव दिले. हे नाव काहींना रुचले नाही. बारसे यांनी ते बदलले नाही. स्पर्धा आपलीच आहे, हे मुलांना नावावरूनच कळावे, अशी त्यांची इच्छा होती. शंभराहून अधिक संघ उतरले. कित्येकांच्या पायांत बूट नव्हते, अंगावरचे कपडे फाटके होते.

मैदानाचा प्रश्न मात्र चेंडूइतका सहज सुटणारा नव्हता. सेवानिवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम बारसे यांनी नागपूरबाहेर जमीन घेण्यात घातली. शिक्षकाच्या घरात त्या रकमेचे मोल काय असते, हे सांगावयास नको.

याच सुमारास युरोपातही असाच एक उपक्रम सुरू झाला होता. २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ शहरी बेघर लोकांची पहिली जागतिक फुटबॉल स्पर्धा भरली. पुढे भारताच्या वतीने नागपूरच्या या चळवळीतील खेळाडू तीत उतरू लागले. तेथे एका बाजूस चौघेच खेळतात. दोन डाव प्रत्येकी ७ मिनिटांचे, आणि मैदान अवघे २२ मीटर लांब व १६ मीटर रुंद. एवढी जागा सोलापुरात एखाद्या बंद गिरणीच्या आवारातही निघेल.