नट, बोल्ट आणि एक कारागीर

(हेन्री मॉड्सले हा इंग्लंडमधील एक कारागीर. तो शाळेत फार शिकला नाही, पण आजच्या कारखान्यांचा पाया घालणाऱ्यांत त्याचे नाव घेतले जाते. त्याने काय केले आणि ते काम आजचा फिटर कसे पुढे चालवतो, याची माहिती या पाठात दिली आहे.)

सायकलच्या चाकाचा नट हरवला, तर तुम्ही काय करता? दुकानात जाता, माप सांगता आणि नवा नट घेऊन येता. बोल्टवर ठेवून फिरवला की तो सहज बसतो. बोल्ट कदाचित लुधियानाच्या कारखान्यात तयार झालेला असतो आणि नट राजकोटच्या. दोघांची याआधी कधी भेटही झालेली नसते. तरी ते एकमेकांत नीट बसतात. याचे आपल्याला काही नवल वाटत नाही.

सव्वादोनशे वर्षांपूर्वी मात्र असे होत नसे. त्या काळी कारागीर प्रत्येक बोल्ट वेगळा घडवी आणि त्याच्यापुरता एक नट तयार करी. दोघांवर सारखी खूण केलेली असे. यंत्र उघडताना खुणा सांभाळून ठेवाव्या लागत. एका बोल्टचा नट दुसऱ्या बोल्टला चालत नसे. एखादा नट हरवला, तर त्याच बोल्टचे माप घेऊन दुसरा नट घडवावा लागे. तोपर्यंत यंत्र बंद!

नट-बोल्टवर जे नागमोडी खाचे असतात, त्यांना मराठीत आटे म्हणतात. उर्दूत ज्याला पेच म्हणतात, त्या स्क्रूला मराठीत मळसूत्र असा जुना शब्द आहे. पण बोलताना सगळे स्क्रूच म्हणतात. पेच हा शब्द मराठीतही आहे. मात्र ‘मी पेचात पडलो’ असे म्हणणारा मराठी माणूस स्क्रूमध्ये अडकलेला नसतो, अडचणीत सापडलेला असतो. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचे कारागीर दोन्ही अर्थांनी पेचात होते. हे आटे सारखे कसे कापायचे, हेच त्यांना समजत नव्हते.

हेन्री मॉड्सले याचा जन्म १७७१ साली लंडनजवळच्या वूलिच या गावी झाला. तेथे सरकारी शस्त्रांचा मोठा कारखाना होता. बाराव्या वर्षी हेन्री त्या कारखान्यात कामाला लागला. काडतुसांत दारू भरण्याचे काम त्याला मिळाले. नंतर त्याला सुतारशाळेत पाठवले. पण त्याचे लक्ष सगळे शेजारच्या लोहारशाळेकडे. तापलेले लोखंड, भाता, ऐरण, घणाचे घाव यांत तो रमून जाई. शेवटी पंधराव्या वर्षी त्याला लोहारकामावर घेतले. दोन-तीन वर्षांत त्याच्या हाताची कीर्ती लंडनपर्यंत पोहोचली.

लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाचा एक हुशार कारखानदार होता. त्याने एक नव्या प्रकारचे कुलूप शोधून काढले होते. ते कागदावर उत्तम होते. पण तयार करणे फार अवघड. आतले भाग जरा जरी लहानमोठे झाले, तरी कुलूप निकामी. ब्रामाला चांगल्या कारागिराची गरज होती. १७८९ साली अठरा वर्षांचा हेन्री त्याच्यासमोर उभा राहिला. तेव्हा कारागीर होण्यासाठी सात वर्षे उमेदवारी करावी लागे. (मराठीतला हा शब्द आणि उर्दूतला ‘उम्मीदवार’ हे दोन्ही फारसीतून आले आहेत. उमेदवारी करणे म्हणजे उस्तादाच्या हाताखाली राहून काम शिकणे.) हेन्रीची सात वर्षे पुरी झाली नव्हती. इतका कोवळा मुलगा काय काम करणार, अशी शंका सर्वांना आली. जवळच एक झिजलेला वाइस होता. वाइस म्हणजे काम घट्ट पकडून ठेवणारा लोखंडी जबडा. असे सांगतात की, हेन्री म्हणाला, “हा वाइस संध्याकाळपर्यंत नव्यासारखा करून देतो. मग ठरवा.” त्याने कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि काम संपण्याची घंटा होण्याआधी वाइस दुरुस्त करून दिला. त्याला नोकरी मिळाली.

कुलपाचे भाग हाताने घासून एकसारखे होणार नाहीत, हे हेन्रीने ओळखले. म्हणून त्याने आधी ते भाग बनवणारी हत्यारे आणि यंत्रे बनवली. मग कुलपे भराभर तयार होऊ लागली. ब्रामाने आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवले आणि ते उघडणाऱ्यास दोनशे गिनींचे बक्षीस जाहीर केले. साठ वर्षे ते कोणालाही उघडता आले नाही. १८५१ साली हॉब्ज नावाच्या एका अमेरिकन माणसाने ते उघडले, पण त्यालाही एकूण एक्कावन्न तास झटावे लागले.

हेन्री आता कारखान्याचा मुख्य कारागीर झाला होता. त्याला आठवड्याला तीस शिलिंग मिळत. लग्न झाले होते, घरात मुले होती. त्याने पगार वाढवून मागितला. ब्रामाने नकार दिला. इतक्या गुणी माणसाला थोड्या शिलिंगांसाठी हातचा घालवणे हा ब्रामाच्या आयुष्यातला सर्वांत महाग सौदा म्हणावा लागेल. १७९७ साली मॉड्सलेने नोकरी सोडली आणि लंडनमध्येच स्वतःचे छोटे दुकान काढले.

येथे त्याने आपले सर्वांत प्रसिद्ध काम केले. लेथ तुम्ही पाहिला असेल. उर्दूत त्याला खराद म्हणतात. त्यावर काम फिरते आणि हत्यार ते कापत जाते. पूर्वी हे हत्यार कारागीर बहुधा हातात धरी. हात थोडा जरी हलला, की माप बिघडे. हत्यार पकडून सरकवणारा आधार लावण्याचे प्रयत्न मॉड्सलेच्या आधीही काही जणांनी केले होते. मॉड्सलेने सगळा लेथ भक्कम धातूचा केला आणि त्याच्या बाजूला एक लांब, अचूक स्क्रू बसवला. दातेरी चाकांमुळे तो स्क्रू फिरणाऱ्या कामाबरोबरच फिरे आणि हत्याराला ठरावीक चालीने पुढे नेई. आता कारागिराचा हात थकला तरी आटा चुकत नव्हता. दातेरी चाके बदलली, की आटे जवळ जवळ किंवा दूर दूर कापता येत. हे सुमारे १८०० सालचे काम आहे.

येथे एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. अचूक स्क्रू कापण्यासाठी जर अचूक स्क्रू लागतो, तर मॉड्सलेने पहिला स्क्रू आणला कुठून? तो त्याने स्वतः केला. कापायचा, मोजायचा, चूक शोधायची, पुन्हा कापायचा. जगातल्या पुष्कळ यंत्रांच्या मुळाशी असा कोणाचा तरी हात असतो.

मोजण्यासाठीही त्याने एक यंत्र केले. इंचाच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक त्यात कळत असे. माणसाच्या एका केसाचे वीस पातळ पापुद्रे काढता आले, तर त्यांतला एक जेवढा जाड असेल, तेवढा हा फरक. इंग्लंडमधील सर्वांत मोठ्या न्यायाधीशाला लॉर्ड चान्सलर म्हणत. मॉड्सलेने आपल्या मोजयंत्राचे नावही ‘लॉर्ड चान्सलर’ ठेवले. कामगारांत मापावरून वाद झाला, की तो भाग या न्यायाधीशापुढे ठेवीत. त्याच्या निकालावर अपील नसे.

सपाट पृष्ठभाग कसा करावा, हेही तो शिकवी. वरवर पाहता हे सोपे वाटते. बिडाचे दोन पाट घ्या. एकावर लाल रंग लावा आणि दुसरा त्यावर घासा. उंचवट्यांवर रंग लागेल, तेवढेच खरवडा. पुन्हा घासा. शेवटी दोन्ही पाट एकमेकांवर पक्के बसतील. पण ते सपाट झाले असतीलच असे नाही! एक किंचित खोलगट आणि दुसरा किंचित फुगीर असला, तरी ते एकमेकांवर बसतात. ताटलीवर ताटली बसते ना, तसेच. म्हणून तिसरा पाट घ्यायचा. तिन्ही पाट आळीपाळीने एकमेकांवर घासायचे. तिन्ही जर प्रत्येकाशी नीट जुळले, तरच ते सपाट. कारण तीन पाटांत दोन तरी सारखेच खोलगट किंवा सारखेच फुगीर निघतील, आणि ते एकमेकांवर कधीच बसणार नाहीत. भूमितीच्या तासाला शोभेल असा हा विचार कारखान्यातल्या बाकावर झाला. असे सपाट पाट मॉड्सलेच्या कारागिरांजवळ पडताळ्यासाठी ठेवलेले असत.

पुढे इंग्लंडच्या आरमारासाठी कप्प्या करण्याचे काम आले. तेव्हा जहाजे शिडांची होती. शिडांचे दोरखंड कप्प्यांवरून ओढले जात. एका मोठ्या युद्धनौकेला सुमारे हजार कप्प्या लागत. ब्रुनेल या अभियंत्याने यंत्रांची कल्पना मांडली आणि मॉड्सलेने सुमारे पंचेचाळीस यंत्रे बनवून पोर्ट्समथच्या गोदीत बसवली. ज्या कामाला पूर्वी एकशे दहा कुशल माणसे लागत, ते आता दहा साधी माणसे करू लागली. १८०८ साली तेथे एक लाख तीस हजार कप्प्या तयार झाल्या.

हे आकडे वाचून शाबास म्हणावेसे वाटते. पण उरलेल्या शंभर जणांचे काय? त्यांच्या हातची कला एका दिवसात कवडीमोल झाली. मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजीच्या मुलांना हे वेगळे समजावून सांगायला नको. हातमाग जाऊन यंत्रमाग आले, तेव्हा घरोघर हेच घडले. मात्र त्याच गावांत यंत्रमाग दुरुस्त करणारा जॉबर आणि त्याचे सुटे भाग करणारा टर्नर यांना नवे काम मिळाले. यंत्र एक काम घेते आणि दुसरे मागते. ते दुसरे काम ज्याला येते, त्याचे निभावते. ज्याला ते शिकण्याची संधीच मिळत नाही, त्याच्यावर मात्र अन्याय होतो, हेही खरे आहे.

मॉड्सलेचा कारखाना म्हणजे एक मदरसाच होता. जोसेफ व्हिटवर्थ, रिचर्ड रॉबर्ट्‌स, जोसेफ क्लेमेंट हे पुढे नावारूपाला आलेले कारागीर त्याच्याकडे काम करून गेले. १८२९ साली जेम्स नास्मिथ नावाचा वीस वर्षांचा तरुण स्कॉटलंडहून आला. पैसे भरून शिकायला येणारी श्रीमंतांची मुले मॉड्सले आता घेत नसे. त्यांनी त्याला फार त्रास दिला होता. नास्मिथने शिफारसपत्र दाखवले नाही. त्याने स्वतः बनवलेले छोटे वाफेचे इंजिन दाखवले. मॉड्सलेने ते निरखून पाहिले आणि त्याला आपला खास मदतनीस म्हणून ठेवून घेतले. हाच नास्मिथ पुढे वाफेच्या घणासाठी प्रसिद्ध झाला. व्हिटवर्थने १८४१ साली साऱ्या देशासाठी आट्यांचे एकच माप सुचवले. एकाच मापाचे नट-बोल्ट सगळीकडे मिळण्याची सुरुवात तेथून झाली. आज आपण दुकानात ‘आठ मिलिमीटरचा बोल्ट द्या’ म्हणतो, तेव्हा आठ मिलिमीटर व्यासाचा बोल्ट मिळतो. ते मेट्रिक माप नंतरचे, पण कल्पना तीच. मॉड्सलेने मात्र हे पाहिले नाही. तो १८३१ साली वारला.

आता आपल्याकडे या. भारतात कारागिरांना शिकवण्याची सरकारी योजना १९५० साली सुरू झाली. औद्योगिक प्रशिक्षण संस्था म्हणजे आयटीआय ही तिच्यातूनच उभी राहिली. तेथे फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन असे अनेक व्यवसाय शिकवतात. मुलीही तेथे शिकतात. फिटरचा अभ्यासक्रम दहावीनंतर दोन वर्षांचा असतो. त्यानंतर १९६१ च्या कायद्याप्रमाणे कारखान्यात विद्यावेतन घेऊन उमेदवारी करता येते. महाराष्ट्रात दोन वर्षांचे आयटीआय झालेल्यांना पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशही मिळू शकतो. ‘अभ्यासात डोके चालत नाही ना, मग घाला आयटीआयला,’ असे काही वडीलधारे म्हणतात. असे म्हणणाऱ्यांनी एकदा मायक्रोमीटर हातात घेऊन त्यावरचे माप वाचून दाखवावे.

कारखाना, कारागीर, अवजार, हुन्नर, कसब, उस्ताद. हे मराठी शब्द वाचताना तुम्हांला शब्दकोश उघडावा लागला नाही. तुमच्या घरातले शब्द कारखान्यात तुमच्या आधीच पोहोचले आहेत.

आयटीआयमध्ये फिटरचे काम कानशीने सुरू होते. लोखंडाचा एक चौकोनी तुकडा वाइसमध्ये पकडायचा आणि तो कानशीने घासून सपाट करायचा. कानस पुढे ढकलताना दोन्ही हातांचा दाब सांभाळावा लागतो. पुढचा हात जड झाला, की पुढची कड झिजते. मागचा जड झाला, की मागची. दोन्ही कडा झिजल्या, की मधे फुगवटा उरतो. नव्या मुलाचा तुकडा बहुधा असाच पाठ फुगवून बसतो. तळहाताला फोड येतात. कामावर गुण्या ठेवून तो उजेडासमोर धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, तर काम अजून बाकी आहे. शिक्षक काही बोलत नाहीत, तुकडा परत देतात. मुलगा पुन्हा वाइस घट्ट करतो. घासतो, पुसतो, उजेडासमोर धरतो. दोन्ही कडांना उजेड, मधे काळोख. पुन्हा घासतो. असे होता होता एका दुपारी तो गुण्या लावतो, आणि उजेडाची रेघ कुठेच दिसत नाही.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हेन्री बाराव्या वर्षी कोणते काम करत होता?
(आ) मोजयंत्राला ‘लॉर्ड चान्सलर’ हे नाव का दिले?
(इ) मॉड्सलेने ब्रामाची नोकरी का सोडली?

२. पाट सपाट करण्यासाठी दोन पाट का पुरत नाहीत? आकृती काढून समजावून सांगा.

३. ‘पोर्ट्समथच्या यंत्रांमुळे फायदा झाला की नुकसान?’ वर्गात दोन गट करून चर्चा करा.

४. पेच, उमेदवार, कसब या शब्दांचे मराठीतील आणि उर्दूतील अर्थ लिहा. प्रत्येक शब्द मराठी वाक्यात वापरा.

५. तुमच्या मोहल्ल्यातील एखाद्या फिटर, टर्नर, वेल्डर किंवा जॉबर यांना भेटा. त्यांच्या पाच अवजारांची नावे व उपयोग मराठीत लिहून आणा.