'सब ठीक' म्हणणाऱ्या माणसाची तपासणी

पाटण तालुक्यातल्या एका वाचक भगिनीनं विचारलं आहे : 'हे फौजेतून पेन्शनवर आले. गुडघे दुखतात, बीपी आहे, रात्री दचकून उठतात. साताऱ्याला पॉलिक्लिनिकला जायचं तर अख्खा दिवस मोडतो. मोबाईलवरून डॉक्टरांना दाखवलं तर चालेल का?'

ताई, चालेल. फक्त त्या वेळी तुम्हीही शेजारी बसा. साहेबांनी विचारलं की 'सब ठीक' म्हणायचं, ही सवय गणवेश उतरवला तरी जात नाही. फोनवर तर ते आणखी सोपं जातं. रात्री किती वेळा उठतात, जेवताना कशावरून भडकतात, लग्नाकार्याला जायचं का टाळतात, हे तुम्हीच सांगू शकता. मात्र थोडा वेळ त्यांना एकट्यानंही बोलू द्या. काही गोष्टी बायकोसमोर निघत नाहीत.

सोय आहे. संरक्षण मंत्रालयाची 'सेहत' ही ऑनलाइन ओपीडी मे २०२१ मध्ये सुरू झाली. ती सैनिक, माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी आहे आणि मोफत आहे. 'ई-संजीवनी' ही सरकारची ऑनलाइन ओपीडी तर कुणालाही वापरता येते. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं (ईसीएचएस) कार्ड, जुनी डिस्चार्ज स्लिप, चालू गोळ्यांची पाकिटं समोर ठेवा. तोफखान्यात किंवा फायरिंग रेंजवर वर्षं काढलेल्या अनेकांना कमी ऐकू येतं आणि ते कबूल करायला लाज वाटते. डॉक्टरांचं निम्मं बोलणं नुसत्या 'हो हो'वर निघून जातं. म्हणून इअरफोन लावा आणि गोळ्यांच्या वेळा लिहून घ्या.

बीपी आधी आठवडाभर घरीच मोजा, सकाळ-संध्याकाळ. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसावं, दंड छातीच्या पातळीवर ठेवावा आणि मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजावं. सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर डॉक्टरांना ती वही दाखवा. दवाखान्यात एकदा घेतलेल्या आकड्यापेक्षा मला अशी वही जास्त उपयोगी वाटते. गुडघ्यांसाठी फोन खुर्चीवर टेकवून ठेवा आणि चालणं, बसणं, उठणं दिसू द्या. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टला व्हिडिओवर नीट शिकवता येतात. सूज, ताप किंवा गुडघा अडकणं असेल तर मात्र प्रत्यक्षच जावं लागेल.

आता दचकण्याबद्दल. फटाक्यांनी अंग चोरणं, तीच तीच स्वप्नं, गर्दी टाळणं, बारीकशा गोष्टीवर संताप हे महिन्याहून जास्त टिकलं तर त्याला स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. हा आघातानंतरचा आजार असू शकतो आणि तो बरा होऊ शकतो. अमेरिकेत माजी सैनिकांवर झालेल्या अभ्यासांत व्हिडिओवरचे मानसोपचार समोरासमोरच्या उपचारांइतकेच उपयोगी ठरले आहेत. 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. सैन्यदलांसाठी या सेवेचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) सुरू झाला. झोपेच्या अनेक गोळ्या कायद्यानं फोनवर लिहून देता येत नाहीत, तेव्हा डॉक्टर नाही म्हणाले तर रागावू नका. घोरताना श्वास अडकतो का, हेही सांगा. झोप मोडण्याचं ते वेगळं कारण असू शकतं.

कँटीनच्या बाटलीबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, तरी विचारतो. दारूनं झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते. रोज भरपूर पिणाऱ्यानं एका झटक्यात बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. किती पितात हे डॉक्टरांना खरं सांगा आणि त्यांच्या देखरेखीखाली सोडा.

चाळिशीच्या आसपास पेन्शन घेतलेल्या माणसाची नोकरीच नव्हे, सगळी पलटण सुटते. पहाटेची पीटी जाते, जेवण मात्र तेवढंच राहतं. म्हणून डॉक्टरांशी वजन, चालणं, दिवस कसा जातो हेही बोला. जुन्या पलटणीतल्या साथीदारांशी आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल ठरवून टाका. गोळ्यांइतक्याच आग्रहानं मी हे सांगतो.

छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, अशा वेळी मोबाईलवर डॉक्टर शोधत बसू नका. १०८ ला फोन करून गाडी बोलवा. आणि मरणाची भाषा निघाली तर त्यांना एकटं सोडू नका. सिक्युरिटीच्या नोकरीसाठी अनेक माजी सैनिकांच्या घरी परवान्याची बंदूक असते. तुमच्याही घरी असेल, तर ती त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जमा करण्याची व्यवस्था करा. मग १४४१६ लावा आणि पहिल्यांदा तुम्हीच बोला.