४५० वॅटचा एसएमपीएस, तरी पीसी रीस्टार्ट का होतो?

मागच्या व्हिडिओनंतर लातूरच्या एका मित्राने विचारलं, "सर, जुन्या पीसीतला एसएमपीएस नव्यात चालेल का? वॅट तर तेवढेच आहेत."

हीच चूक मी नांदेडला दुकान टाकलं तेव्हा केली. गिऱ्हाइकाचे पैसे वाचावेत म्हणून ग्राफिक्स कार्डवाल्या पीसीत जुना एसएमपीएस बसवला. लेबलवर ४५० वॅट. पण गेम उघडला की पीसी रीस्टार्ट! रॅम बदलली, विंडोज टाकली, तीन चकरा झाल्या. शेवटी नवा एसएमपीएस माझ्याच खिशातून. बीबीए झालं होतं, पण लेबल वाचता येत नव्हतं.

बघा, १९८१ च्या आयबीएम पीसीचा एसएमपीएस फक्त ६३.५ वॅटचा होता. चिप्स ५ व्होल्टवर चालायच्या, १२ व्होल्ट मुख्यतः डिस्कच्या मोटरला. पुढे चिप्स कमी व्होल्टेजवर आल्या, म्हणून १९९५ च्या एटीएक्समध्ये ३.३ व्होल्टची लाइन आली.

खरा बदल २००० साली पेंटियम ४ सोबत झाला. प्रोसेसरला स्वतःला दीडेक व्होल्टच लागतात, पण वॅट वाढले. १०० वॅट ५ व्होल्टवर द्यायचे तर २० अँपिअर करंट लागतो, १२ व्होल्टवर साधारण सव्वाआठ. करंट जास्त तर वायर जास्त तापते, आणि ती करंटच्या वर्गाच्या हिशोबाने, म्हणजे इथे जवळपास सहापट. म्हणून मदरबोर्डवर १२ व्होल्टची वेगळी चार पिनची वायर आली. बोर्ड तिथून व्होल्टेज खाली आणतो. ग्राफिक्स कार्डही मुख्यतः १२ व्होल्टवरच. आता तर फक्त १२ व्होल्ट देणारं एटीएक्स१२व्हीओ हे स्टँडर्डही आलंय.

आता माझं ते लेबल: ५ व्होल्टला ३० अँपिअर, १२ व्होल्टला १०. म्हणजे १२ व्होल्टवर फक्त १२० वॅट! ६५ वॅटचा प्रोसेसर आणि ७५ वॅटचं कार्ड, झाले १४०. फॅन, हार्ड डिस्क वेगळेच.

(मागे लाल स्विच असेल तर तो २३० वरच ठेवा. ११५ वर राहिला तर आपल्याकडच्या लाइटवर एसएमपीएस तिथल्या तिथे जातो.)

तेव्हा कोटेशन देताना १२ व्होल्टचे अँपिअर बघा, १२ ने गुणा, वर थोडी जागा सोडा. मी लेबलचा फोटो गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅप करतो. दोनशे-तीनशे रुपये जास्त का, हे मग फार समजवावं लागत नाही.