काचपेटींतील मासे व न दिसणारा मळ



गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटीपूर्वीं आठ दिवस आमच्या विज्ञानखोलींतील माशांची काचपेटी आम्हीं धुतली. ‘आम्हीं’ असें म्हणतों खरें. धुतली ती आठव्या इयत्तेच्या दोन मुलांनीं, आणि ‘लख्ख धुवा’ ही आज्ञा माझी. मुलांनीं खडी नळाखालीं चोळचोळून धुतली, गाळणीचा स्पंज मळ जाईपर्यंत पिळला, काचा घांसल्या व सर्व पाणी बदललें. पेटी आरशासारखी दिसूं लागली. तिसऱ्या दिवशीं मासे पाण्याच्या पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकूं लागले. पांचव्या दिवशीं सहांपैकीं चार मेले. त्या मुलांपैकीं एकजण दोन दिवस शाळेंत आला नाहीं. आपल्याच हातून मासे मेले असें त्याच्या मनानें घेतलें होतें, आणि वर्गांतील कित्येकांनीं तें त्याला बोलूनहि दाखविलें होतें. वास्तविक चूक माझी होती. ती कोणती, हें सांगण्याचें त्या मुलाचें माझ्यावर ऋण आहे.

ज्या घरास मोरी नाहीं, त्या घरांत दहा माणसें कोंडलीं तर काय होईल? काचपेटींतील माशाची स्थिति तशीच असते. ज्या पाण्यांत तो श्वास घेतो, त्याच पाण्यांत तो मळ टाकितो. त्याच्या शरीरांतील अमोनिया हें विष मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर पडतें. उरलेलें अन्न, विष्ठा व कुजकीं पानें ह्यांतूनहि तेंच निर्माण होतें. नदींत किंवा तळ्यांत तें अफाट पाण्यांत विरून जातें. पेटींत जाणार कोठें? आणि पाणी स्फटिकासारखें स्वच्छ दिसत असतांहि तें त्यांत असूं शकतें. डोळ्यांनीं त्याची परीक्षा होत नाहीं.

मग चांगल्या पेटींतील मासे जगतात कसे? ह्याचें उत्तर सन १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञाच्या संशोधनानें मिळालें. कांहीं सूक्ष्मजंतु अमोनियाचें नायट्राइट करितात. दुसरे कांहीं नायट्राइटचें नायट्रेट करितात. नायट्राइटहि घातकच; त्यानें माशाचें रक्त तपकिरी होतें व प्राणवायु वाहून नेण्यास असमर्थ ठरतें. नायट्रेट मात्र पुष्कळ कमी अपायकारक असून वनस्पतींचें तें खाद्य आहे. हीं दोन्ही कामें एकटाच करणारा सूक्ष्मजंतूहि असतो, असें २०१५ सालीं आढळून आलें. आणि गंमत ही कीं, त्याचा एक नमुना माशांच्या टाक्यांस जोडलेल्या गाळणींतच सांपडला!

हे जंतु पाण्यांत फारसे तरंगत नाहींत. खडी, स्पंज, काच ह्यांवर बुळबुळीत थर होऊन ते राहतात. शिवाय त्यांची वाढ फार मंद. कित्येक जंतु अर्ध्या तासाच्या आंत दुप्पट होतात; ह्यांना त्याकरितां बहुधा दिवसाचा बराच भाग लागतो. म्हणून नवी पेटी माशांस योग्य होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. आम्हीं जो ‘मळ’ म्हणून धुऊन टाकिला, तो पेटींतील झाडूवाल्यांचा सगळा मोहल्लाच होता. आणि जे थोडे वांचले असतील, त्यांस नळाच्या पाण्यांतील क्लोरीननें गांठलें असेल.

आपल्या मराठवाड्यांत आणखी एक अडचण आहे. आपल्या विहिरींचें व बोअरचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड व किंचित् अल्कधर्मी असतें. २५ अंश उष्णतेच्या पाण्याचा पीएच ७ असला, तर एकंदर अमोनियाचा शेंकडा एकाहूनहि कमी भाग जहाल रूपांत असतो. पीएच ८ झाला कीं तो शेंकडा पांचांवर जातो. उन्हाळ्यांत तो आणखी वाढतो, आणि त्याच वेळीं प्राणवायु घटतो: २० अंशांच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांच्या पाण्यांत सुमारें ७ च मावतो. एप्रिल-मे मध्यें मासे एकाएकीं मरतात, त्याचें कारण बहुतेक वेळां हेंच असतें. पेटी खिडकीच्या उन्हांत ठेवूं नये.

आतां प्रत्यक्ष उपाय. सर्वांत मोठा मळ आपणच टाकतों, तो अन्नाचा. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेंच अन्न एका वेळीं द्यावें. घरांत आजीनें एकदां, ताईनें एकदां व धाकट्यानें चार वेळां, अशी सेवा झाली तर मासा उपासानें नव्हे, लाडानें मरतो. पालकांनीं हें काम एकाकडेच सोंपवावें. निरोगी मोठा मासा एखादा दिवस उपाशी राहिला तर बिघडत नाहीं.

आठवड्यांतून एकदां पाण्याचा चौथा हिस्सा काढावा. रबरी नळी पाण्यानें भरून तिचीं दोन्ही तोंडें बोटांनीं बंद करावीं. एक टोंक पेटींत बुडवून दुसरें खालच्या बादलींत सोडावें, म्हणजे पाणी आपोआप वाहूं लागतें. पेटींतील टोंक खडीवर फिरवावें. तळचा गाळ ओढला जातो. स्पंज ह्या काढलेल्या पाण्यांतच हलका पिळावा, नळाखालीं कधींहि नव्हे. खडी व स्पंज एकाच दिवशीं साफ करूं नयेत. बादलींतील पाणी गुलाबाच्या वाफ्यास घालावें. झाडें तें आवडीनें घेतात.

नवें पाणी ब्लीचिंग पावडर घातलेलें असल्यास उघड्या भांड्यांत एक दिवस ठेवून मगच ओतावें. वीज गेली व गाळणी बंद पडली तर अन्न देऊं नये, आणि तांब्यानें पाणी वर उचलून हळूहळू परत ओतावें, म्हणजे हवा मिसळते.

बाजारांतील गोल कांचेचें भांडें दिसण्यास सुंदर, पण माशास तुरुंगच. त्यांत पाणी थोडें, आणि तोंड निमुळतें असल्यामुळें हवेशीं संबंध त्याहून थोडा. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच पेटींत ५४ लिटर पाणी मावतें. त्यांत दहा-बारा गप्पी सुखानें राहतात. गोल्डफिश मात्र लहान दिसला तरी वीतभर वाढतो व मळहि फार करितो.

पाणवनस्पति अवश्य लावाव्या. लंडनच्या वॉरिंग्टन ह्या रसायनज्ञानें १८५० सालीं आपला प्रयोग प्रसिद्ध केला: दोन लहान गोल्डफिश व एक पाणवनस्पति. पानें कुजून पाणी बिघडूं लागलें, तेव्हां त्यानें गोगलगायी सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाल्लीं व पेटी सुधारली. तरीहि नुसत्या गोगलगायींवर विसंबून बादली विसरूं नये. त्याहि मळ करितातच.

आमचे उरलेले दोन मासे आम्हीं रोज थोडें थोडें पाणी बदलून वांचविले. महिनाभर नवा मासा आणिला नाहीं. आतां दर शनिवारीं नळी धरण्याचें काम त्याच मुलाकडे आहे. परवां एका पाहुण्यांनीं ‘स्पंज किती मळका!’ असें म्हटलें, तेव्हां त्यांना थांबवून त्यानें सगळें समजावून दिलें. मीं खडूचा डबा शोधण्याच्या निमित्तानें तेथेंच उभें राहून ऐकिलें.