खारफुटी : बांधाची राखणदार

रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला उतरले की डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याची (स्थापना १९८८) खारफुटी लागते. चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची मुळे पेन्सिलीसारखी वर येऊन श्वास घेतात. त्यांच्या आडोशाला सुंगटे, कुर्ल्या वाढतात. पण गोव्याला तिचा मोठा उपयोग वेगळाच. नदीकाठी उभी राहून ती लाटांचा जोर मोडते. मागे असतो मातीचा बांध, त्यातली मानस आणि खाजन शेती. झाडे तोडली की पाण्याचा मार थेट बांधावर! बांध फुटला, तर खार सोसणारे आपले कोरगुट भातही भरतीच्या पाण्यात बुडून जाते. पुढे त्याच पडीक शेतात खारफुटी उगवते आणि लोक दोष मात्र तिलाच देतात.