सहाणेवरचं जायफळ

आमचं लेकरू दिवसा चाळीस मिनिटांच्या वर झोपायचं नाही. ते चार महिन्यांचं होईस्तोवर ही गोष्ट आमच्या गंगापूरच्या गल्लीत सगळ्यांना पाठ झाली, कारण कायगावहून आलेल्या आत्याबाई दारात येईल त्याला सांगायच्या, "हिचं दूध पुरत नाही, म्हणून उठतंय." अंगणवाडीच्या कार्डावर वजनाची रेघ सरळ वर चढत होती. पण कार्ड बघतंय कोण?

एप्रिल महिना, डोक्यावर पत्रे, घडीघडी लाईट जायची. नवऱ्याची वाळूजला रात्रपाळी, म्हणजे दिवसा त्यांनाही झोप पाहिजे. झोळी हलवून हलवून माझा खांदा कामातून गेला होता.

मग एका सोमवारी लेकरू सलग तीन तास झोपलं. मंगळवारीही. आत्याबाई म्हणाल्या, "हाताला गुण असावा लागतो." मलाही, खरं सांगते, बरंच वाटलं. केस धुतले, गरम पोळी खाल्ली.

बुधवारी दुपारी पाजायला घेतलं, तर ओढेना. दोनदा चोखायचं आणि मान टाकायचं. तळपायाला टिचकी मारली तर नुसती भुवई हलली. पाण्याला म्हणून स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर सहाण ओली, शेजारी जायफळ. आईनं दिलं तेव्हा अख्खं गोल होतं. आता एका बाजूनं सपाट, अर्धंच उरलेलं, आतली तपकिरी नक्षी उघडी पडलेली. मी तर गुटी कधीच बंद केली होती! माझे हातपायच गळाले.

"किती वेढे दिले?"

"मोजून कोण देतंय? आमचे पाच लेकरं काय आपोआप मोठे झाले का?"

दवाखान्यात रात्री नऊपर्यंत ठेवून घेतलं. भुकेनं किंचाळून पोटभर प्यायलं, तेव्हा सोडलं. आत्याबाई आजही म्हणतात, ऊन लागलं होतं.

म्हणून सांगते, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही. गुटी नाही, पाणीसुद्धा नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध तेवढं वेगळं. जायफळात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं. ते जास्त गेलं की मोठ्या माणसालाही सुस्ती येते, घसा कोरडा पडतो, छाती धडधडते. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया लेकरांना अफूची बाळगोळी देऊन निजवायच्या. त्यांच्या डोक्यावर निदान पाळीचा भोंगा होता. आमच्याकडे दुपारची मालिका होती.

आणि मुळात बिघडलं काय होतं? एवढ्या लेकराची झोप पाऊण तासाच्या आसपासच्या टप्प्यांनी चालते. टप्पा संपला की ते अर्धवट जागं होतं. पुढचा टप्पा आपला आपण जोडायला पुष्कळांना पाच-सहा महिने लागतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय, 4 ते 11 महिन्यांच्या बाळाला डुलक्या धरून 12 ते 16 तास झोप हवी. मी कॅलेंडरवर आठवडाभर लिहून काढलं. रात्रीचे दहा तास, दिवसाच्या पाच डुलक्या. तेरा तासांच्या वर भरले. हा कागद मी नवऱ्याला दाखवला. आत्याबाईंना दाखवून उपयोग नव्हता.

उठल्यापासून दीडेक तासानं आमचं लेकरू कान ओढायला लागायचं. तेव्हाच निजवायचं, रडायला लागलं की वेळ गेली. झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडू शकतो, म्हणून सपाट, घट्ट अंथरुणावर उताणं, जवळ उशी-दुपटं नाही. पस्तिसाव्या मिनिटाला जवळ बसून छातीवर हलका हात ठेवायचा, चुळबुळ केली तरी लगेच उचलायचं नाही. निम्म्या वेळा पुन्हा डोळा लागायचा. नाही लागला तर उठू द्यायचं. बाकी, बाळ झोपलं की तुम्हीही झोपा, असं सगळे सांगतात. भांडी कोण घासणार, ते कुणी सांगत नाही.

सातव्या महिन्यात एका दुपारी लेकरू आपलं आपण दीड तास झोपलं. आत्याबाईंनी गल्लीत सांगितलं, "माझ्या गुटीचा गुण."