तुरीची जनुकलिपी आणि दूरचे भांडार

कलबुर्गी व बीदर जिल्ह्यांत तुरीचे पीक मोठे. परंतु मर रोग शिरला की उभे झाड वाळते. रोगास तोंड देणारा गुण बियाण्यात कोठे दडला आहे, हे शोधता यावे म्हणून पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेच्या पुढाकाराने ‘आशा’ वाणाची जनुकलिपी वाचण्यात आली. २०११ साली ती प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ४८,६८० जनुके असावीत, असा अंदाज आहे. अशा लिपी सर्वांसाठी दूरच्या संगणक-भांडारांत ठेवतात.

समजा, तेथील प्रत हाती येईना. दोष क्रमाने शोधावा. प्रथम दुसरे संकेतस्थळ उघडून आपले इंटरनेट तपासावे. ते ठीक असेल, तर भांडार चालू आहे का, हे पाहावे. बंद असल्यास दुसरीकडे जावे. कारण अमेरिका, युरोप व जपान येथील भांडारे आपापल्या नोंदींची नित्य देवाणघेवाण करतात. भांडार चालू असल्यास नोंदक्रमांक ताडावा. अखेरीस, भांडाराने दिलेला पडताळा-अंक आपल्या प्रतीवरून काढलेल्या अंकाशी जुळवावा. वाटेत एक अक्षर गळले तरी अंक बदलतो. मग प्रत पुन्हा आणावी.

अपुऱ्या प्रतीवरून काढलेला निष्कर्ष शेवटी शेतकऱ्याच्या पदरी चुकीचे बियाणे टाकील. म्हणून घाईपेक्षा पडताळा श्रेष्ठ होय.